कोल्हापुरात जुन्या आयर्लंडच्या खेड्यातलं जेवण : काकूंच्या घरची रविवारची पंगत

आधीच सांगून टाकतो, हे हॉटेल नाहीये. बाहेर बोर्ड नाही, मेनूकार्ड नाही, आणि नाव-पत्ता कुठं टाकू नकोस म्हणून काकूंनी बजावलंय त्यामुळं तो देत नाही. राजारामपुरीतलं एक साधं दोन मजली घर आहे, महिन्यातनं दोन रविवार काकू बारा माणसांना जेवायला घालतात, माणशी ६०० रुपये, आणि जेवण कसलं तर शे-दोनशे वर्षांपूर्वी आयर्लंडच्या खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरात रोज जे शिजायचं ते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की कोल्हापुरात बटाटा आणि ताक खायला कोण जाणार, ते पण सहाशे रुपये देऊन. आता आईला आणि थोरल्या मामांना घेऊन जाऊन आलोय आणि तेव्हापासनं घरात दुसरा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

काकू सतरा वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत नर्स होत्या. तिथं शेजारी एक ऐंशी पार केलेली शेतकरीण बाई राहायची, सुट्टीच्या दिवशी काकू तिच्याकडं जाऊन बसायच्या, आणि तिच्या आज्जीच्या काळात चुलीवर काय काय व्हायचं ते ऐकता ऐकता शिकल्या. नुसत्या आठवणींवर पण त्या थांबल्या नाहीत. १९३७ ते १९३९ ह्या काळात आयर्लंडमध्ये एक भारी काम झालं होतं, लोकपरंपरा जमवणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगानं प्राथमिक शाळेतल्या पोरांना सांगितलं की घरी जा, आज्जी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून आणा. पाच हजारांच्या आसपास शाळा आणि पन्नास हजारांच्या आसपास पोरं, अकरा ते चौदा वर्षांची. भुताखेतांच्या गोष्टी, खेळ, औषधं आणि त्यातच एक विषय होता जुन्या काळचं जेवण. त्या वह्या आता नेटवर वाचायला मिळतात, काकूंनी त्यातली बरीच पानं छापून भिंतीला लावलीयत, पोरांच्या अक्षरातली. जेवायला बसायच्या आधी दहा मिनिटं ती बघत उभं राहा. आपल्याकडं कुणी असं आपल्या आज्ज्यांना विचारलं असतं तर, एवढंच मनात येत राहतं.

आता जेवण.

पहिल्यांदा आली ती बुट्टी. ताट नाही, वाटी नाही, वेताची पसरट बुट्टी आणि त्यात सालासकट उकडलेले बटाटे, वाफा निघतायत, मधे एका वाटीत मीठ आणि प्रत्येकाला एनॅमलच्या मगात ताक. बस. शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं एकमेकांकडं बघायला लागलं. काकूंनी मग सांगितलं की तिकडं तीन पायाच्या लोखंडी हंड्यात बटाटे उकडायचे, ते पाण्यासकट बुट्टीत ओतायचे म्हणजे पाणी निथळून जातं, आणि मग तीच बुट्टी हंड्यावर ठेवली की झालं टेबल, सगळं घर भोवतीनं बसणार आणि हातानं सोलून खाणार. काटा नाही, सुरी नाही, कित्येक जण बटाटा सोलायला अंगठ्याचं नख वाढवून ठेवायचे. त्यांच्यात एक म्हण आहे म्हणे, एक तोंडात, एक सोलतोय, एक मुठीत आणि डोळा चौथ्यावर. मामा हे ऐकून लई खूश झाले, कारण आमच्या वाड्यात सोळा माणसं एका परातीभोवती बसायची तेव्हा हुरड्याला हेच व्हायचं.

प्रमाण ऐकून मात्र गप्प व्हायला होतं. १८४५ च्या आधी आयर्लंडमध्ये राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटा खायचा. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, रात्री बटाटा. १८४१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती आणि त्यातली तीसेक लाख माणसं जवळजवळ निव्वळ बटाट्यावर जगत होती. आणि तरी ती माणसं अशक्त नव्हती, उंचीला चांगली होती, कारण बटाटा आणि ताक दोन्ही पोटभर मिळालं तर शरीराला लागणारं बरंचसं त्यातनं मिळतं. आपल्याला बटाटा म्हणजे उपवास किंवा वडा एवढंच माहिती, अख्खा देश त्यावर उभा होता हे डोक्यात शिरायला वेळ लागतो.

चव? साधी. मीठ लावून खाल्ला, वरनं ताकाचा घोट, परत बटाटा. तिसऱ्या बटाट्यानंतर ती आंबट-खारट-पिठूळ अशी एक लय लागते, आणि मग मी चक्क सहा खाल्ले. इथं एक तक्रार मांडतो, बटाटा आपल्या मार्केटातला चिकटसर होता. तिकडचा चांगला बटाटा उकडला की साल फुटून आत पांढरं पीठ दिसतं, त्याला ते बटाटा हसला म्हणायचे, तसा एकही हसला नाही. ह्यात काकूंचा दोष किती आणि बाजाराचा किती ते जाऊ दे, पण त्या पिठूळ बटाट्याच्या शोधात आहेत एवढं कळलं. आणि एक, काही घरांत बटाटा मुद्दाम आतनं थोडा कच्चा ठेवायचे, गाभा कडक राहिला की पचायला वेळ लागतो आणि भूक उशिरा लागते म्हणून. त्या कच्च्या गाभ्याला काही जण हाड म्हणायचे, काही जण चंद्र. काकूंनी असा एक बटाटा चिरून दाखवला. आईनं तो हातात घेतला आणि बराच वेळ खालीच ठेवला नाही.

ताक मात्र एक नंबर. पाणी घालून फेटलेलं दही नव्हे, साय विरजून, घुसळून, लोणी काढून मागं राहिलेलं खरं ताक. काकू गाईचं दूध आणतात, म्हशीचं नको म्हणतात कारण तिकडचं लोणी पिवळं असायचं. आपण गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिणारी माणसं, आपल्याला गाईचं ताक पातळ वाटेल, पण बटाट्याबरोबर हेच जमतं, म्हशीचं जड झालं असतं.

ह्या ताकावरनंच काकूंनी जे सांगितलं ते मला सगळ्यात लागलं. त्या घरात गाय असायची, घुसळण व्हायची, पण लोणी घरात खायला नसायचंच. लोणी जायचं बाजारात. कॉर्क शहरात १७७० पासनं लोण्याची पेठ होती, ती पुढं जगातली सगळ्यात मोठी लोण्याची बाजारपेठ झाली, लाकडी पिंपांत भरून समुद्रापार कुठल्या कुठं लोणी जायचं. घरात पाळलेलं डुक्कर पण खाण्यासाठी नाही, ते विकून जमीनदाराचा खंड भागवायचा, म्हणून त्याला खंड भरणारे साहेब असं म्हणायचे. म्हणजे लोणी बाजारात, डुक्कर बाजारात, ओट्स-गहू पण बऱ्यापैकी बाजारात, आणि घरात काय राहिलं तर ताक आणि बटाटा. हे ऐकल्यावर आई एकदम बोलली, आमच्यात काय वेगळं हुतं, दोन म्हशी दारात आणि सगळं दूध डेअरीला, आम्ही पोरं कोरा चहा प्यायचो. मामांनी मान डोलावली. त्या क्षणापासनं आमच्या टेबलावर हे परदेशी जेवण राहिलंच नाही.

घुसळण्याची एक गंमत पण आहे. तिकडं घुसळण चालू असताना दारात जो कुणी येईल त्यानं चार हात मारायलाच पाहिजेत, नाहीतर तो घराचं लोणी आणि बरकत घेऊन गेला असं समजायचे. आपल्याकडं लोणी येईना झालं की नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवायची आज्जी आठवली. काकूंनी कोपऱ्यात उभी लाकडी घुसळणी ठेवलीय आणि आल्या-गेल्याला चार हात मारायला लावतात. मामांनी चाराऐवजी चांगली दहा मिनिटं घुसळलं.

पुढं ओट्सची भाकरी आली. ओट्स म्हणजे हल्ली डाएटवाल्यांचं खाणं झालंय, पण आयर्लंडमध्ये बटाटा यायच्या आधी हजार वर्षं तरी तेच मुख्य धान्य, उन्हाळ्यात दूध-दही-लोणी-चीज आणि हिवाळ्यात ओट्स असं वर्ष जायचं. पीठ, मीठ, थोडी चरबी किंवा लोणी आणि गरम पाणी, थापून तव्यावर टाकायची आणि मग विस्तवासमोर एका लोखंडी घोडीला टेकवून उभी वाळवायची, कडक होईपर्यंत. खटखटीत झाली की महिनाभर टिकते, प्रवासाला निघणारे बांधून न्यायचे. आपली कडक भाकरीच की. सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांना लगेच समजेल. काकू साधे ओट्स गिरणीवर दळून आणतात, गिरणीवाला रात्री शेवटचं दळण म्हणून घेतो. मला आवडली, लोणी लावून ताकात बुडवून तर फारच, पण मामांच्या दातांना झेपली नाही, त्यांना शेवटी कुस्करून दिली. वयस्कर माणसं न्यायची असतील तर आधी सांगा, काकू मऊ ठेवून देतात.

बॉक्सटी म्हणून एक प्रकार आहे, कच्चा बटाटा किसून पिळून घ्यायचा, त्यात उकडून कुस्करलेला बटाटा, पीठ, ताक आणि तव्यावर थालीपिठासारखं लावायचं. आयर्लंडच्या वरच्या अंगाला, लिट्रिम-कॅव्हनकडं, हे फार चालतं. बाहेरनं खरपूस, आतनं मऊ लुसलुशीत. पंगतीतल्या पोरांनी ह्याच्यावरच हात मारला. एका ग्रुपनं ठेचा मागितला आणि काकूंनी कुरकुर न करता दिला, मी पण एक घास लावून बघितला, चांगला लागतो, पण मग पुढच्या तीन पदार्थांची चव कळत नाही. माझं ऐका, ठेचा मागू नका. तांबडा-पांढरा उद्या पण मिळतो.

मासे-मटण म्हणाल तर जवळजवळ नाहीच, आणि ते बरोबरच आहे. मटण म्हणजे ख्रिसमस, ईस्टर आणि उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. एरवी खारवलेला हेरिंग मासा मिळाला तर नशीब. आणि तो पण पुरवायचा असायचा म्हणून एक युक्ती होती, मासा किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा वर टांगायचा आणि बटाट्याचा घास त्याच्याकडं दाखवून तोंडात टाकायचा. दाखवायचा फक्त. काकूंनी खारा बांगडा भाजून प्रत्येक टेबलावर एकच ठेवला होता, चौघांत एक. माझ्या टेबलावरचा चौथा माणूस ओळखीचा नव्हता, पण त्यानं शेपटीकडचा तुकडा घेऊन बाकीचा आमच्याकडं सरकवला. वर्षातनं एकदा डुक्कर मारलंच तर शेजारपाजारच्या प्रत्येक घरात वाटा जायचा आणि रक्त वाया न घालवता त्याची पुडिंगं भरायचे. ज्यांच्या घरी बकऱ्याची रक्ती-मुंडी होते त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता ज्यासाठी मी हा सगळा मजकूर लिहायला बसलो ते. एका छोट्या वाडग्यात करड्या रंगाचं दाटसर काहीतरी आलं, वर थोडं दूध. इंग्रजीत त्याला सोअन्स म्हणतात. ओट्स दळल्यावर जो कोंडा राहतो ना, थोडं पीठ चिकटलेला, तो पाण्यात भिजवून आठवडाभर ठेवायचा, आंबला की गाळायचा, खाली साका बसतो, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि साका ढवळत ढवळत शिजवायचा. ईस्टरच्या आधीच्या उपासात दूध-लोणी-अंडी सगळं बंद असायचं, तेव्हा ह्याच्यावर दिवस निघायचे. आईनं पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, “ही तर आंबील हाय की रं!” काकू तिथंच उभ्या होत्या, त्यांनी आईचा हातच धरला. म्हणाल्या, वहिनी, मी पण त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा चाखली तेव्हा हेच म्हणाले आणि रडले.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, कोल्हापुरात ओढ्यावरच्या यल्लम्माची यात्रा म्हणजे आंबील यात्रा, आंबील, घुगऱ्या, भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात असा निवद असतो. नाचणी-ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेली ती आंबील आणि हे सोअन्स, चव सख्ख्या बहिणींची. आंबटपणा तोच, घशाखाली उतरताना जो गारवा लागतो तो पण तोच. कुठं मेयो आणि कुठं जयंती नाल्याचा काठ, एकमेकांना कधी न बघितलेल्या बायकांनी कोंडा-पीठ वाया जाऊ नये म्हणून तीच गोष्ट शोधून काढली. आईनं तीन वाडगे खाल्ले. गेली दोन वर्षं गुडघ्यामुळं तिचं यात्रेला जाणं झालं नव्हतं.

त्याच्यानंतर लगेच पिवळं वाडगं. मक्याच्या पिठाची पेज, मीठ घातलेली, बाकी काही नाही. हे काकू मुद्दाम वाढतात आणि ह्यावेळी त्या बसून बोलतात. १८४५ ला बटाट्यावर करपा आला. गरिबांच्या शेतात बहुतेक एकच वाण होता, लंपर नावाचा, ओबडधोबड, पाणचट, पण हलक्या जमिनीत पण भरपूर पिकणारा, त्यामुळं रोग आला तो सगळीकडं सारखाच पसरला. आदल्या दिवशी हिरवंगार दिसणारं शेत काळं पडून वास मारायचं. इंग्लंडचा पंतप्रधान रॉबर्ट पील ह्यानं अमेरिकेतनं एक लाख पौंडांचा मका मागवला. लोकांनी मका कधी बघितलेला नाही, दाणे दगडासारखे, दळायच्या गिरण्या नाहीत, कसा शिजवायचा माहिती नाही, अर्धाकच्चा खाऊन पोटं बिघडली. लोक त्याला पीलचं गंधक म्हणायला लागले. आणि त्याच वेळी त्याच बंदरांतनं धान्य आणि लोणी बाहेर जात होतं. १८५२ पर्यंत दहाएक लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, दहा लाखांच्या वर देश सोडून गेली. १८५१ च्या शिरगणतीत ८१ लाखांचे साडेपासष्ट लाख राहिले होते.

आमच्या आज्जीचं माहेर आटपाडीकडचं. बहात्तरच्या दुष्काळातली मिलो आणि सुकडी तिनं शेवटपर्यंत विसरली नाही, लाल ज्वारीची ती भाकरी घशात उतरायची नाही म्हणायची, पण टाकून कुणी दिली नाही. पिवळं वाडगं पुढं आल्यावर मामा काही बोलले नाहीत, शेवटपर्यंत चाटूनपुसून खाल्लं. शेजारच्या टेबलावर दोघांनी तसंच ठेवून दिलं. काकू त्यांना काही म्हणाल्या नाहीत, पण मला ते बघवलं नाही.

आता माझ्या मोठ्या तक्रारीकडं येतो. ह्यानंतर कॉलकॅनन आलं, म्हणजे कुस्करलेला बटाटा, कोबी, कांद्याची पात, मधे खड्डा करून त्यात पिवळं वितळलेलं लोणी. मूळ केल नावाच्या पाल्याचं, इथं मिळत नाही म्हणून कोबी. चवीला फार सुंदर, पात गरम दुधात शिजवून घेतात त्यामुळं उग्रपणा जातो. पण हा सणाचा पदार्थ आहे, ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा, त्यात अंगठी लपवायची आणि ज्याच्या घासात येईल त्याचं लग्न ठरणार. लोणी घरात नसायचं हे तासाभरापूर्वी सांगितलं आणि आता लोण्याचं तळं वाढलं, म्हणजे खाणाऱ्याला वाटणार की रोज असंच खायचे. रोजचं आणि सणाचं एकाच पंगतीत घालू नये असं माझं स्पष्ट मत, काकूंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, लोक सहाशे रुपये देतात रे, नुसता बटाटा वाढायला माझा हात धजत नाही. मला त्यांचं पटतं पण आणि नाही पण.

सोडा ब्रेडबद्दल थोडक्यात. यीस्ट नाही, खाण्याचा सोडा आणि ताक, १८३०-४० नंतर आलेला प्रकार. जाड बुडाच्या झाकणवाल्या भांड्यात ठेवून खाली आणि झाकणावर पीटचे निखारे, पीट म्हणजे दलदलीतनं कापून वाळवलेली माती, तिकडचं जळण. काकू कोळसा वापरतात. आई पूर्वी नानकटाई अशीच खाली-वर निखारे घालून करायची. आमच्या वाटणीचा ब्रेड मधे थोडा कच्चा राहिला होता, कडा मात्र मस्त. शेवटी कडक काळा चहा, तो खेड्यात रोजचा व्हायला एकोणिसावं शतक संपत आलं होतं, आधी फक्त ख्रिसमसला.

बाकी माहिती पटकन. साडेबाराला सुरू होतं आणि तीन तास लागतात, घाईत असाल तर जाऊ नका. पार्किंग गल्लीत नाही, दुचाकी न्या. शाकाहाऱ्यांना बांगडा सोडला तर सगळं चालतं, फक्त ओट्सच्या भाकरीत चरबी नको असं आधी सांगा. खाली बसायची सोय करावी असं मी सुचवलंय, बुट्टीभोवती खुर्चीत बसून मजा येत नाही. पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा कॉलकॅननसाठी आणि कच्च्या ब्रेडसाठी कापला.

जुलैमध्ये काकू पंगत ठेवत नाहीत. तिकडं जुना बटाटा संपायचा आणि नवा यायचा असायचा, तो महिना उपाशी जुलै, कोबीच्या पाल्यावर काढायचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी नवा बटाटा पहिल्यांदा उकरायचा, त्याआधी उकरणं म्हणजे घर चालवता येत नाही असा अर्थ. काकू पण त्याच रविवारी परत सुरू करतात, आणि त्या दिवशी नुसता नवा बटाटा, मीठ आणि ताक, दुसरं काही नाही, पैसे पण निम्मे. आम्ही सहा जणांची नावं देऊन आलोय. निघताना काकूंनी आईला आंबवलेल्या कोंड्याची एक बरणी दिली, आईनं पण घरी आल्यावर नाचणीचं पीठ भिजत घातलंय, जाताना आमची आंबील घेऊन जाणार म्हणते.